अ‍ॅप रखडतंय? आधी मोजा, मग दुरुस्त करा

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. एप्रिल 2016 पर्यंत आधारधारकांची संख्या 100 कोटींवर गेली. नवी नोंद दुबार नाही ना, हे आधीच्या नोंदींशी ताडून पाहावं लागतं. म्हणजे नोंदी वाढतील तसं प्रत्येक नव्या नोंदीमागचं कामही वाढतं. यंत्रणा एवढी अवाढव्य असो की एखाद्या शाळेच्या हजेरीचं अ‍ॅप, कोडच्या कोणत्या भागात किती वेळ जातो हे मोजण्याला प्रोफाइलिंग म्हणतात. त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : चाचणीत झरझर चाललं, म्हणजे पुढेही चालेल.
वस्तुस्थिती : यादीतलं प्रत्येक नाव इतर प्रत्येक नावाशी ताडणारा कोड 10 नावांसाठी 45 तुलना करतो. नावं 1 लाख झाली की तुलना होतात सुमारे 500 कोटी. कोडची एक ओळही बदललेली नसते. म्हणून प्रोफाइलिंग खऱ्याइतक्या मोठ्या डेटावरच करावं.

गैरसमज : कोड कुठे अडतोय, हे अनुभवी प्रोग्रामर नजरेनंच ओळखतो.
वस्तुस्थिती : डोनाल्ड नूथ यांनी 1971 मध्ये फोरट्रान प्रोग्राम तपासले, तेव्हा साधारणतः 4 टक्क्यांहूनही कमी कोड निम्म्याहून अधिक वेळ खात असल्याचं दिसलं. हे 4 टक्के अंदाजानं शोधायला गेलं, तर उरलेल्या 96 टक्क्यांत दिवस वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

गैरसमज : मोठा सर्व्हर घेतला की काम भागतं.
वस्तुस्थिती : समजा, एका पानाला 10 सेकंद लागतात. त्यातले 8 डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातात आणि 2 हिशेबात. प्रोसेसर (सीपीयू) दुप्पट वेगाचा आणला, तरी 9 सेकंद लागणारच. इथे सीपीयू निवांत दिसतो आणि अ‍ॅप मात्र रखडतं. त्यामुळे सीपीयूच्या वेळेबरोबर वाट पाहण्याचा वेळही मोजावा लागतो. डेटाबेसमध्ये एखादा इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधून देणारी सूची, घालून जे साधतं, त्यासाठी उगाच नवं यंत्र विकत घेतलं जातं.

गैरसमज : पुण्यातल्या ऑफिसात वेगानं उघडतं, म्हणजे दोष नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या नेटवर्कचा.
वस्तुस्थिती : नेटवर्क कमकुवत असेलही, पण अ‍ॅप त्यावरून किती फेऱ्या मारतं? 300 विद्यार्थ्यांची यादी एकदा मागवून मग प्रत्येकाची हजेरी वेगळी मागवली, तर 301 फेऱ्या होतात. एक फेरी 200 मिलिसेकंदांची धरली आणि फेऱ्या एकामागून एक झाल्या, तर मिनिटभर शिक्षक पडद्याकडे बघत बसणार. सगळी हजेरी एकाच मागणीत आणली, तर तेच नेटवर्क पुरेसं ठरतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून हे ऑफिसात बसूनही तपासता येतं.

गैरसमज : सरासरी वेळ चांगला, म्हणजे सगळं आलबेल.
वस्तुस्थिती : 100 पैकी 95 जणांना 0.2 सेकंदांत उत्तर मिळालं आणि 5 जण 10 सेकंद ताटकळले, तरी सरासरी 0.69 सेकंदच येते. तक्रार असते ती त्या पाच जणांची. म्हणून सर्वांत संथ 5 टक्के किंवा 1 टक्का विनंत्यांचा वेळ वेगळा पाहावा.

गैरसमज : चालू सर्व्हरवर प्रोफाइलर लावला तर अ‍ॅप बसेल.
वस्तुस्थिती : प्रत्येक फंक्शनची नोंद ठेवणारे प्रोफाइलर वेग कमी करतात, हे खरं. पण नमुने घेणारा प्रोफाइलर सेकंदाला साधारण 99 वेळाच डोकावून कोणतं फंक्शन चालू आहे ते टिपतो. त्याचा भार सहसा किरकोळ असतो. 100 ऐवजी 99 अशासाठी, की ठरावीक तालात चालणाऱ्या कामाशी नमुन्यांची वेळ जुळून चित्र फसवं होऊ नये.

लिनक्सवरचं पर्फ आणि पायथॉनसोबत येणारा सी-प्रोफाइल ही दोन्ही साधनं फुकट आहेत. एक मोजणी करा, सर्वांत जास्त वेळ खाणारी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. आकडा हलला नाही, तर तो बदल काढून टाका.