शेवंडांतील लिंग-गुणोत्तर

शेवंडांच्या नैसर्गिक समष्टीतील (एका क्षेत्रात राहणाऱ्या एकाच जातीच्या प्राण्यांच्या समूहातील) नर व माद्या यांच्या संख्यांचे परस्पर प्रमाण. कोकण किनाऱ्यावर मिळणारे काटेरी शेवंड व उत्तर अटलांटिक महासागरातील मोठ्या चिमट्यांचे शेवंड हे दोन्ही कवचधारी वर्गाच्या दशपाद गणात मोडतात. त्यांच्या पिलांत नर व माद्या साधारणतः सारख्याच संख्येने असतात. प्रौढांत मात्र हे प्रमाण स्थळ, खोली व ऋतू यांनुसार पुष्कळच बदलते. यावरून हा असमतोल मुख्यतः जन्मजात नसून प्राण्यांच्या पुढील आयुष्यक्रमात निर्माण होतो, असे दिसते.

ओळख : मोठ्या चिमट्यांच्या शेवंडांत उदराखालील पोहण्याच्या उपांगांची पहिली जोडी नरामध्ये कठीण व दांड्यासारखी, तर मादीमध्ये मऊ व बारीक असते. काटेरी शेवंडांच्या मादीत चालण्याच्या पायांच्या शेवटच्या जोडीच्या टोकांशी लहान चिमटे असतात. नरात ते नसतात. त्यामुळे पकडीतील नर-मादी मोजणे सोपे असते. परंतु पकडीतील प्रमाण म्हणजे समुद्रतळावरील खरे प्रमाण नव्हे.

वर्तन व परिसर : यूरोपच्या किनाऱ्यालगत आढळणाऱ्या नॉर्वे शेवंडाच्या (नेफ्रॉप्स नॉर्वेजिकस ) अंडी वाहणाऱ्या माद्या हिवाळ्यात चिखलातील बिळांतच राहतात. साहजिकच त्या काळात ट्रॉल जाळ्यांत प्रामुख्याने नर सापडतात. अमेरिकन शेवंडाची (होमॅरस अमेरिकॅनस ) मादी आपली अंडी उदराखाली चिकटवून सु. ९ ते ११ महिने वाहते. अंड्यांच्या वाढीस योग्य तापमान मिळावे म्हणून अशा माद्या ऋतुमानाप्रमाणे उथळ व खोल पाण्यात ये-जा करतात. त्यामुळे एकाच समष्टीत एके ठिकाणी नरांचे, तर दुसरीकडे माद्यांचे आधिक्य दिसते. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील ग्रेट बे खाडीत समुद्रापासून जसजसे आत जावे, तसतसे नरांचे प्रमाण वाढत गेलेले आढळले आहे. कमी क्षारतेचे पाणी माद्यांना नरांपेक्षा अधिक जाचक ठरते, हे त्याचे एक कारण होय.

वाढ : शेवंडाची वाढ कात टाकण्याच्या वेळीच होते. प्रौढ मादी अंडी वाहत असताना कात टाकीत नाही. त्यामुळे प्रौढावस्थेनंतर तिची वाढ नरापेक्षा सावकाश होते. नर लवकर मोठे होतात व पकडण्यास कायद्याने मोकळ्या असलेल्या आकारात लवकर पोहोचतात. परिणामी मासेमारीचा भार दोन्ही लिंगांवर सारखा पडत नाही.

मासेमारी व कायदे : अमेरिकेच्या मेन राज्यात अंडी वाहणाऱ्या माद्या पकडण्यास १८७२ मध्ये बंदी घालण्यात आली. पुढे अशा मादीच्या शेपटीच्या पंख्यावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच पाडून तिला समुद्रात सोडण्याची पद्धत रूढ झाली. खाच असलेली मादी अंडी नसतानाही पकडता येत नाही. हे संरक्षण केवळ माद्यांना मिळत असल्याने पकडीचा भार नरांकडे झुकतो. जॉर्जेस बँक या सागरी पठारावर २००५–०७ या काळात माद्यांचे प्रमाण सु. ८० टक्के आढळले. संरक्षणाबरोबरच माद्यांचे स्थलांतरही अशा असमतोलास हातभार लावू शकते. म्हणून एवढ्या मोठ्या फरकाचे एकच कारण सांगता येत नाही.

परिणाम : माद्या अधिक म्हणजे अंडी अधिक, असे वरवर वाटते, तथापि ते मर्यादितच खरे आहे. अमेरिकन शेवंडाची मादी बहुधा कात टाकल्यानंतर लगेच, कवच मऊ असताना, नराच्या आश्रयस्थानी राहून समागम करते. मिळालेले शुक्राणू ती साठवून ठेवते व पुढे अंडी घालताना वापरते. मोठ्या मादीस पुरेसे शुक्राणू मिळण्यासाठी नरही तसाच मोठा असावा लागतो. न्यूझीलंडच्या व कॅरिबियन समुद्रातील काटेरी शेवंडांवरील प्रयोगांत लहान नरांशी समागम केलेल्या माद्यांची फलित अंडी कमी भरली. म्हणून नुसती संख्या न पाहता नरांचा आकारही लक्षात घ्यावा लागतो. मेन राज्यात पाठीच्या कवचाची लांबी सव्वातीन इंचांहून कमी अथवा पाच इंचांहून अधिक असलेले शेवंड पकडता येत नाहीत. यांपैकी वरची मर्यादा दोन्ही लिंगांना लागू असल्याने मोठ्या नरांनाही संरक्षण मिळते.

याउलट, संरक्षणच नसेल तर काय होते याचे उदाहरण मुंबईच्या समुद्रात मिळते. तेथील चपट्या शेवंडांची (थेनस प्रजाती) मासेमारी १९९४ च्या सुमारास संपुष्टात आली. ट्रॉल जाळ्यांत लहान-मोठे सर्वच शेवंड सापडत व त्यांत अंडी वाहणाऱ्या माद्याही असत. भारत सरकारने २००३ मध्ये निर्यातीसाठी निरनिराळ्या जातींच्या शेवंडांची किमान वजने ठरविली. मुंबई किनाऱ्यावरील काटेरी शेवंडाकरिता (पॅन्युलिरस पॉलिफॅगस ) ती मर्यादा ३०० ग्रॅ. आहे. वजनाची मर्यादा नर-मादी असा भेद करीत नाही. म्हणून अंडी वाहणाऱ्या माद्या व मोठे नर या दोहोंचे रक्षण करण्यास ती एकटी पुरेशी नसते. मत्स्योद्योगाच्या नियोजनात एकूण पकडीबरोबरच लिंग, आकार, खोली व ऋतू यांनुसार वेगवेगळ्या नोंदी ठेवणे आवश्यक ठरते, ते यामुळेच.