कोरडं तोंड म्हणजे तहान नव्हे

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यात उन्हाळ्यात कोणाच्याही घशाला कोरड पडते. म्हणून तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेऊन आलेला माणूस ‘तोंड सुकतं’ म्हणाला, की घरचे तांब्या पुढे करतात. पण इथे आटलेली असते ती लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास मऊ करते, आम्ल शमवते, दात राखते. पाणी फक्त ओल देतं. ते घोटघोट, वरचेवर घ्यावं. आणि सोनाळ्याच्या संग्रामपूर तालुक्यात किडनीचे रुग्ण बरेच आहेत. ज्याला पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्याला ‘भरपूर पी’ हा सल्ला घातक ठरेल.

‘उपचार संपले की लाळ परत येते’ हेही अर्धंच खरं. केमोनंतर ती बहुधा येते. रेडिएशनने मात्र कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी भाजल्या, तर महिने जातात, काहींना कोरड कायमची राहते. त्या ग्रंथी वाचवणारं आयएमआरटी हे रेडिएशनचं तंत्र आता आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या 2012 सालच्या अभ्यासातही त्याने लाळग्रंथींची हानी कमी झालेली दिसली. आपल्याला ते लागू आहे का, हे उपचारांआधीच विचारा.

लिंबू, चिंच किंवा खडीसाखर चघळण्याची सवय सर्वांत महाग पडते. लाळेविना आंबट आणि गोड दोन्ही थेट दातांवर बसतात, दात झपाट्याने किडतात. त्याऐवजी बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा. लिटरभर पिण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करा. झणझणीत माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने कोरड वाढते. भाकरी वरणात किंवा कढीत कुस्करून द्या. खर्रा, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद.

‘दातांचं नंतर बघू’ असं तर कधीच म्हणू नका. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात काढला, तर जखम न भरता हाड सडू शकतं. खराब दात उपचार सुरू होण्याआधी, जखम भरायला दोनेक आठवडे हाताशी ठेवून काढावेत. नंतर कधी दात दुखला, तर तो उपटून घेण्यापूर्वी दंतवैद्याला रेडिएशनचे कागद दाखवा.