पदवीनंतरचा प्रश्न शाळेतच सोडवावा

दहावीचा निकाल लागला की घरोघर पेढे वाटले जातात. पदवीचा निकाल लागला की मात्र त्याच घरात ‘आता पुढे काय?’ ही चिंता शिरते. खंडाळा तालुक्यात या चिंतेला विशेष धार आहे. तालुका पर्जन्यछायेतला, शेतीचा भरवसा पूर्वीपासूनच बेताचा. सातारा जिल्ह्यातील मागच्या पिढ्यांनी त्यावर मुंबईच्या गिरण्यांचा उपाय शोधला होता. जेमतेम लिहितावाचता येणाऱ्यासही तेथे पोटापुरते काम मिळे. १९८२ च्या संपानंतर ती वाट बुजत गेली. आज शिरवळ परिसरात, महामार्गालगत, कारखाने उभे आहेत. परंतु कारखाना दारी आला म्हणून पदवीधराला त्यात जागा मिळतेच असे नाही. कारखान्याला कामाचे कौशल्य हवे असते, आणि पदवीपत्र त्याची ग्वाही देत नाही.

येथे दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खरा दोष शिक्षण आणि श्रम यांच्यामध्ये उभारलेल्या भिंतीचा आहे. ही भिंत या मातीची परंपरा नव्हे. याच तालुक्यातील नायगावी १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले विवाहानंतर शिकल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. शिकणे आणि ते कामी लावणे यांत त्यांनी अंतर ठेवले नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे ‘कमवा आणि शिका’ या योजनेने श्रमालाच विद्यार्थ्याचे भांडवल मानले. तिच्याकडे केवळ गरिबाच्या फीची सोय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. वेळेचे मोल, मजुरीचा हिशेब आणि चारचौघांबरोबर काम करण्याची शिस्त हे तिचे खरे पाठ होत.

तेच पाठ आज नव्या रूपात देता येतील. नववी-दहावीच्या मुलाला नेमणूकपत्र वाचता यावे, पगारातून भविष्यनिर्वाह निधी का कापला जातो हे कळावे, कर्जावरील व्याज स्वतः मांडता यावे. यासाठी वेगळ्या इमारतीची गरज नाही; गणिताचा तास पुरेसा आहे. महाविद्यालयांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची माहिती प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोचवावी. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कला-वाणिज्याच्या पदवीधरालाही विद्यावेतनासह कामाचे प्रशिक्षण घेण्याचा मार्ग खुला झाला आहे.

शाळांनी कारखान्यांसाठी मजूर घडवावेत काय, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यातील भीती रास्त आहे. परंतु कराराच्या अटी न वाचता सही करणारा पदवीधरच अधिक सहज नाडला जातो. श्रमाची किंमत ओळखणारा तरुण आपली किंमतही कमी होऊ देत नाही. शाळेने एवढे शिकविले, तर पदवीनंतरचा ‘पुढे काय?’ हा प्रश्न उरेल. त्यातील असहायता मात्र उरणार नाही.