रॉयल आयसिंग

रॉयल आयसिंग म्हणजे बारीक दळलेली साखर व अंड्यातील पांढरा भाग एकत्र घोटून तयार केलेले, वाळल्यावर कडक होणारे साखरेचे लेपन होय. लोण्याच्या आयसिंगप्रमाणे ते मऊ राहत नाही. त्यामुळे नाताळच्या बिस्किटांवर नक्षी काढणे, जिंजरब्रेडच्या घराच्या भिंती जोडणे व केकवर बारीक रेघा काढणे यांसाठी घराघरांत त्याचा वापर होतो. साहित्य दोन-तीन जिनसांचेच असले तरी त्यातील पाण्याचे प्रमाण नेमके साधणे हे या कामातील खरे कौशल्य मानले जाते.

इतिहास

अंड्यातील पांढरा भाग व साखर यांचे लेपन इंग्लंडमध्ये १८व्या शतकात प्रचलित होते. एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकपुस्तकात विवाहाच्या केकसाठी अशा आयसिंगची कृती आढळते. ‘रॉयल’ हे विशेषण राणी व्हिक्टोरिया हिच्या १८४० मधील विवाहाच्या केकशी जोडले जाते.

मध्य युरोपात मध किंवा काकवी, आले, दालचिनी व लवंग घातलेली बिस्किटे सजवण्याची परंपरा जुनी आहे. जर्मनीतील न्यूर्नबर्ग शहराच्या ‘लेबकूखन’ला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. उत्तर क्रोएशियातील जिंजरब्रेड कलेचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. तेथील लाल रंगाची हृदयाकृती बिस्किटे खाण्यापेक्षा भेट देण्यासाठी व जपून ठेवण्यासाठी अधिक प्रसिद्ध आहेत.

घटक व शास्त्र

घरगुती प्रमाण साधारणपणे ४५० ग्रॅम आयसिंग शुगरला २ ते ३ अंड्यांतील पांढरा भाग असे असते. बाजारातील आयसिंग शुगर घरच्या पिठीसाखरेपेक्षा बारीक असते व गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात थोडे मक्याचे स्टार्च मिसळलेले असते. घरची पिठीसाखर वापरायची झाल्यास ती तलम कापडातून चाळून घ्यावी लागते, अन्यथा कोनाचे तोंड बुजते.

अंड्यातील पांढऱ्या भागात सुमारे ९० टक्के पाणी व १० टक्के प्रथिने असतात. घोटताना प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे तयार होते. लिंबाच्या रसाचे काही थेंब हा फेस टिकवण्यास मदत करतात. भांड्याला तेला-तुपाचा अंश असल्यास किंवा बलक मिसळला गेल्यास फेस नीट चढत नाही. पुढे हवेत पाणी उडून जाते, साखरेचे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि लेपन कडक होते.

घट्टपणाचे प्रकार

एकाच मिश्रणात थेंबाथेंबाने पाणी घालून तीन प्रकार करतात.

घट्ट : चमचा उचलल्यावर टोक ताठ उभे राहते. फुले, पाने व घराचे सांधे यांसाठी.

मध्यम : टोक किंचित वाकते. कडा व अक्षरे यांसाठी.

पातळ : पृष्ठभागावर सुरीने ओढलेली रेघ १० ते १५ सेकंदांत मिटते. आतील भाग भरण्यासाठी.

सजावटीची पद्धत

बिस्किटे पूर्ण गार झाल्यावरच आयसिंग लावतात. गरम बिस्किटावर ते वितळते व बिस्किटातील लोणी वर येऊन तेलकट डाग पडतात. प्रथम मध्यम आयसिंगने कड आखली जाते. ती बांधाचे काम करते. कड थोडी सुकल्यावर आत पातळ आयसिंग सोडून दातकोरणीने कोपऱ्यांपर्यंत पसरतात व वर आलेले बुडबुडे फोडतात. ओल्या थरावर लगेच दुसरा रंग सोडल्यास नक्षी एकजीव व सपाट होते. उठावदार नक्षी हवी असल्यास खालचा थर पूर्ण वाळू देतात. यास अनेकदा पूर्ण रात्र लागते. घाई केल्यास गडद रंग पांढऱ्या थरात उतरतो. द्रव रंगाने पाण्याचे प्रमाण वाढत असल्याने जेल रंग अधिक सोयीचे ठरतात. भांड्यातील उरलेल्या आयसिंगवर ओले फडके झाकले नाही तर त्यावर लवकर पापुद्रा धरतो.

आरोग्यविषयक दक्षता

हे आयसिंग शिजवले जात नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जीवाणू असू शकतात व साखरेमुळे ते नष्ट होतात असे गृहीत धरता येत नाही. ही बिस्किटे प्रामुख्याने मुलांसाठी केली जात असल्याने या बाबीस विशेष महत्त्व आहे. लहान मुले, गर्भवती व वृद्ध व्यक्ती यांच्यासाठी पाश्चरीकृत पांढरा भाग किंवा त्यापासून बनवलेली मेरँग पावडर वापरणे सुरक्षित होय. अंडे न खाणाऱ्यांसाठी काबुली चणे शिजवलेले दाट पाणी वापरता येते. ‘अ‍ॅक्वाफाबा’ या नावाने ते २०१५ पासून परिचित झाले.

महाराष्ट्र व गोवा

गोव्यातील नाताळच्या पारंपरिक फराळात नेवऱ्या, कुळकुळ, दोदोल व बेबिंका यांना मुख्य स्थान आहे. आयसिंगची बिस्किटे ही त्यात अलीकडची भर होय. मात्र पाणी उडाल्यावर मागे राहणाऱ्या साखरेतून शोभा निर्माण करण्याचे तत्त्व मराठी स्वयंपाकघराला नवे नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा मंद आचेवर थोडाथोडा पाक देत याच तत्त्वावर केला जातो. किनारपट्टीच्या दमट हवेत आयसिंग सावकाश वाळते. पंख्याचा वारा तेथे उपयोगी पडतो. पूर्ण वाळलेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. शीतकपाटातून बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरते व रंग ओघळतात. त्यामुळे ती तेथे ठेवत नाहीत.