विजेचा फेरा आणि मोटारीची अर्थिंग



पेटी उघडली, हिरवं बटन दाबलं, पाणी पडू लागलं की आपण वावरात निघून जातो. मोटार जळाली किंवा पेटीला हात लावताच झटका बसला, म्हणजे मग वायरमनची आठवण येते. वायरमनचं काम वायरमननंच करावं. पण वीज कोणत्या वाटेनं येते आणि कोणत्या वाटेनं परत जाते, एवढं तरी प्रत्येक ओलितदारानं समजून घेतलं पाहिजे. जीव वाचतो तो त्याच माहितीनं.

हातातली बॅटरी खोलून पाहा. सेलच्या टोपीतून निघालेली वीज बल्बातून जाते आणि पत्र्यावाटे सेलच्या बुडाशी परत येते. हा फेरा पुरा झाला तरच बल्ब पेटतो. बटन म्हणजे दुसरं काही नाही, त्या फेऱ्यातली फट. फट मिटली की वीज चालू, उघडली की बंद. या फेऱ्यालाच सर्किट म्हणतात.

आता पाण्याचा दाखला घ्या. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. विजेचा हा जोर व्होल्टमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहतं, तसा विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. नळ बारीक असला तर पाणी अडतं, तसा तारेचा अडथळा असतो. त्याचं माप ओहम. जर्मनीतल्या ओहम नावाच्या शिक्षकानं १८२७ साली याचा हिशेब छापला: जोराला अडथळ्यानं भागा, प्रवाह निघतो. एवढा एक भागाकार आपल्याला पुरे आहे. मात्र पाण्याचा दाखला एका ठिकाणी फसतो. नळ फुटला तर पाणी सांडतं. वीज तशी सांडत नाही, तिला परत जायला वाट लागतेच.

मग प्रश्न येतो, की आपण तर एकाच तारेला हात लावतो, तरी झटका का बसतो? फेरा पुरा कुठं झाला? तो जमिनीतून होतो. डीपीवरची न्यूट्रल तार मुद्दाम जमिनीत गाडलेली असते. त्यामुळं फेजच्या तारेला हात लागला, की वीज अंगातून पायात, पायातून मातीत आणि मातीतून परत डीपीकडे जाते. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे पाय मातीला नाहीत. आपण मात्र ओल्या सरीत अनवाणी उभे असतो. त्यातून आपला मूर्तिजापूर भाग खारपाण पट्ट्यातला. खारट ओल्या मातीतून वीज सहज वाहते.

हिशेब करून पाहा. ओल्या अंगाचा अडथळा साधारण १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला १,००० नं भागलं तर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब एवढीच वीज घेत असे. पण माणसाला याचा आठवा हिस्सासुद्धा, म्हणजे ०.०३ अँपिअर, धोक्याचा आहे. पेटीतला फ्यूज १५ अँपिअरचा असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज तारांना वाचवतो, माणसाला वाचवतो असं समजू नका. आणि फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार पिळून ठेवली असेल तर तो तारांनाही वाचवत नाही.

इथं अर्थिंगचं काम येतं. मोटारीच्या आतल्या वायरचं आवरण झिजलं आणि वीज बाहेरच्या लोखंडी अंगावर उतरली, तर तिला माणसापेक्षा सोपी वाट हवी. अर्थिंगचा अडथळा ५ ओहम असेल तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह जमिनीत जातो आणि १५ चा फ्यूज लगेच उडतो. तीच अर्थिंग बिघडून १०० ओहमवर गेली तर प्रवाह जेमतेम २.३ अँपिअर. फ्यूज उडत नाही, मोटार सुरूच राहते आणि तिचं लोखंड झटका द्यायला तयार बसतं. अर्थिंग नुसती असून भागत नाही, ती चांगली असावी लागते. पेटीत ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवला तर अशा गळतीला तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. खर्च आहे, पण मोटार भरण्याच्या खर्चाशी एकदा ताडून पाहा.

मोटार जळण्याचं दुसरं कारण थोडक्यात सांगतो. मोटारीला तीन फेज लागतात. एकाचा फ्यूज गेला तर उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो, वाइंडिंग तापतं, जळका वास सुटतो. जोर कमी आला तरी तसंच होतं, कारण तेवढंच काम करायला मोटार जास्त अँपिअर ओढते. ५ अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. पेटीवरचा काटा याच्या बराच वर दिसला तर लगेच बंद करा.

आता एक कडू गोष्ट. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं शिरतात, रात्रभर जागल करून माणूस थकतो, हे खरं. म्हणून धुऱ्यावरच्या तारेत थेट लाईन सोडणारे आहेत. वरचा हिशेब त्या तारेला लावा. पहाटे पाणी द्यायला येणारा शेजारी, चाऱ्याला आलेली बाई, आपलाच पोरगा, कोणाचाही फेरा तिथं पुरा होऊ शकतो. हा गुन्हा तर आहेच. बॅटरीवरच्या झटका मशीनमध्ये व्होल्ट हजारोंनी असतात, पण झटका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळाचा असतो आणि मध्ये सुमारे एक सेकंदाची विश्रांती. जनावर दचकून पळतं. कंपनीची तयार मशीनच घ्या, घरी जोडलेली नको.

कोणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला सारा. खांबावरची मोठ्या लाईनची तार तुटून पडली असेल तर लाकूडही भरवशाचं नाही. लांब राहा, लोकांना अडवा आणि महावितरणला कळवा.

अर्थिंगसाठी अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप उभा गाडून भोवती मीठ-कोळशाचे थर देतात. मोटारीला अशा दोन जोडण्या द्याव्यात. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि अडथळा वाढतो. म्हणून होळीपासून मृगापर्यंत आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. खारवट मातीत पाइप आणि पट्टी लवकर गंजते, तेव्हा पावसाळ्याआधी वायरमनकडून जोड उघडून घासून घ्या आणि अडथळा मशीननं मोजून घ्या. किती ओहम आला ते पेटीच्या झाकणावर आतून खडूनं लिहून ठेवा.