लघुउद्योगास सरकारी हमीचे कर्ज

शेतमालावर गावातच प्रक्रिया केल्यास त्यास अधिक मोल येते. परंतु डाळगिरणी, तेलघाणा किंवा काजू प्रक्रियेचा लहानसा कारखाना काढावयाचा म्हणजे यंत्रांसाठी भांडवल हवे. बँकेत गेल्यावर तारणाचा प्रश्न निघतो, आणि शेतकरी सातबाराचा उतारा पुढे करतो. पुढे धंदा बसला तर गहाण टाकलेली जमीनही संकटात येते. हा प्रसंग टळावा म्हणून सरकारी पतहमीची सोय आहे.

योजनेचे स्वरूप

लघुउद्योगांच्या कर्जास हमी देण्याची पहिली योजना भारत सरकारने जुलै १९६० मध्ये सुरू केली व तिचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे सोपविला. सध्याची योजना २००० साली भारत सरकार व भारतीय लघु उद्योग विकास बँक यांनी मिळून स्थापिलेल्या पतहमी निधी न्यासामार्फत चालते. १ एप्रिल २०२५ पासून हमीस पात्र कर्जाची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. या हमीखाली दिलेल्या कर्जास जमीन, घर अथवा त्रयस्थ जामीनदार लागत नाही. कर्जातून घेतलेली यंत्रे व माल मात्र बँकेकडे नजरगहाण राहतात. पीककर्ज या योजनेत येत नाही.

हमी कोणास?

येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. हमी बँकेस मिळते, कर्जदारास नव्हे. समजा, थकलेले मुद्दल ४ लाख रुपये आहे व हमीचे प्रमाण ७५ टक्के आहे. अशा वेळी न्यासाकडून बँकेस ३ लाख रुपये मिळू शकतात. परंतु कर्जदाराचे देणे ४ लाखच राहते व त्यावर व्याजही चढते. हमीची रक्कम मिळाल्यावरही बँकेने वसुली चालू ठेवावयाची असते. सारांश, ही कर्जमाफी नव्हे.

कर्ज कसे मिळवावे?

१. प्रथम उद्यम नोंदणी करावी. ती आधार क्रमांकावर होते व तिला शुल्क नाही.

२. यंत्रांची दरपत्रके घेऊन प्रकल्प अहवाल तयार करावा. कच्चा माल किती महिने मिळेल, वीज व मजुरी यांवर किती खर्च होईल आणि माल कोठे विकला जाईल, हे त्यात स्पष्ट असावे. याबाबत जिल्हा उद्योग केंद्रात मार्गदर्शन मिळते.

३. अर्ज योजनेत सहभागी असलेल्या बँकेकडेच करावा, न्यासाकडे नव्हे. अर्जात हमी योजनेखाली कर्ज हवे असल्याचे लिहावे. यंत्रांसाठी मुदत कर्ज व कच्च्या मालासाठी खेळते भांडवल, दोन्ही मागावीत.

४. धंदा किफायतशीर आहे की नाही, हे बँक ठरविते. कर्ज मंजूर झाल्यावर तीच न्यासाकडून हमी घेते. हमीचे वार्षिक शुल्क कर्जदाराकडून घेतले जाणार काय, हे आधीच विचारून घ्यावे.

दक्षता

हंगामी मालाच्या धंद्यात वर्षभर सारखी आवक नसते. म्हणून परतफेडीचे हप्ते विक्रीच्या काळाशी जुळवून मागावेत. एखादा हप्ता चुकण्याचा संभव दिसताच बँकेस आगाऊ कळवावे. हमी मिळवून देण्याच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

जमीन गहाणातून मुक्त राहिली तरी कर्ज हे कर्जच असते. तेव्हा हमीकडे पाहून नव्हे, तर धंद्याच्या हिशेबाकडे पाहून कर्जाचा आकडा ठरवावा.