मागचं चाक उचललं तर उचलू द्या
(लेखांक ६)

टायरमधली हवा गेल्या आठवड्यात झाली. आता सस्पेन्शनला हात घालू.

एस्टीम, होंडा सिटी, पोलो: आपल्याकडच्या शर्यतींत धावलेल्या या गाड्यांचं दुखणं एकच. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, म्हणून साधारण ६० टक्के किंवा त्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. गाडी ओढायची त्यांनीच, वळवायचीही त्यांनीच, आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्याच माथी. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर लांब वळण आलं, की स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक बाहेरच सरकतं. हाच अंडरस्टिअर. नवखा माणूस तडक पुढच्या स्प्रिंगा कडक करतो, आणि बहुतेक वेळा दुखणं वाढवून बसतो.

इलाज मागे आहे. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार, ते वेग, गाडीची उंची आणि रुंदी ठरवते. त्यातलं पुढे किती आणि मागे किती, एवढंच आपल्या हातात. मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) जाड केला, की मोठा वाटा मागची बाजू उचलते. पुढच्या दोन टायरांवर भार जरा समान राहतो, आणि समान भाराचे दोन टायर एका दबलेल्या नि एका हलक्या टायरपेक्षा जास्त पकड देतात. वळणातून बाहेर पडताना पुढचं आतलं चाक नुसतं फिरत राहत नाही, हा वरचा फायदा.

मग आतलं मागचं चाक कुत्र्यानं तंगडी वर करावी तसं उचललं जातं. फोटो बघून लोक घाबरतात. घाबरू नका. मात्र चाक सुटलं, की मागची बाजू आणखी भार घेऊ शकत नाही; त्यानंतर सरकणारा सगळा भार पुढच्याच टायरांवर. वीतभर उचलून जास्तीचं काही मिळत नाही.

आणि कृपा करून गाडी खाली आणायला स्प्रिंगची वेटोळी कापू नका. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेली गाडी फार खाली आणली, तर लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर जातं, आणि गाडी कलली की हवा तो निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) मिळेनासा होतो. टायर बाहेरच्या कडेवर घासतो. शर्यतीच्या टायरला पुढे अडीच-तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर लागणं नेहमीचंच. गाडी पिटमध्ये येताच टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. बाहेरची कड जास्त तापली असेल, तर कॅम्बर अजून कमी पडतोय.

मागे किंचित टो-आउट दिला, म्हणजे चाकांची पुढची कड जराशी बाहेर वळवली, तर गाडी चटकन वळते. पण मागच्या टायरांना काम कमी, ते उशिरा तापतात. पहिल्या फेरीत वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की मागची बाजू पुढे यायला बघते. अशा वेळी पाय ब्रेककडे नेऊ नका, अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबा. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. पाऊस पडला तर मागचा बार सरळ सोडवून ठेवा.

पुढच्या आठवड्यात शॉकअप.